जलक्रीडकांचे कर्णविकार

जलक्रीडकांचे कर्णविकार : फळीवर उभे राहून समुद्राच्या फुटत्या लाटेवरून घसरत जाण्याचा खेळ म्हणजे सर्फिंग आणि रुंद फळीवर उभे राहून लांब वल्ह्याने ती पुढे नेण्याचा खेळ म्हणजे पॅडलबोर्डिंग. हे खेळ खेळणाऱ्यांच्या कानांना पाणी, वारा, दाब व आघात यांमुळे जे विकार व ज्या इजा होतात, त्यांचा येथे विचार केला आहे. त्यांपैकी कर्णनलिकेतील अस्थिवृद्धी हा सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण विकार असून तो ‘सर्फरचा कान’ या नावाने ओळखला जातो. कर्णनलिकेचा शोथ (दाहयुक्त सूज), कर्णपटल फाटणे, दाबजन्य इजा आणि कर्णपालीच्या जखमा हे इतर विकार होत. यांतील बहुतेक विकार टाळता येण्याजोगे आहेत. अस्थिवृद्धी मात्र अनेक वर्षे कोणतेही लक्षण न दाखविता वाढत राहते व झालेली वाढ आपोआप किंवा औषधाने नाहीशी होत नाही. म्हणून या विकारात उपचारापेक्षा प्रतिबंधाला अधिक महत्त्व आहे.

कर्णनलिकेची रचना : कर्णपालीपासून कर्णपटलापर्यंत जाणारी बाह्य कर्णनलिका प्रौढ माणसात सु. २·५ सेंमी. लांब असून ती किंचित नागमोडी असते. तिचा बाहेरील सु. एकतृतीयांश भाग कूर्चेचा व आतील दोनतृतीयांश भाग हाडाचा बनलेला असतो. कूर्चामय भागातील त्वचा जाड असून तीत केस व कर्णमळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. अस्थिमय भागातील त्वचा मात्र अत्यंत पातळ असते. तिच्याखाली चरबीचा थर नसल्यामुळे ती हाडावरील पर्यास्थिकलेला जवळजवळ चिकटलेली असते. नलिकेत शिरलेल्या थंड पाण्याचा परिणाम त्यामुळे थेट हाडाच्या आवरणापर्यंत पोहोचतो.

कर्णमळ ही केवळ घाण नव्हे. ते मेणचट, पाण्याला दूर सारणारे व किंचित अम्लीय असते आणि त्यामुळे जंतूंच्या वाढीस प्रतिकूल असते. नलिकेची त्वचा कर्णपटलाकडून बाहेरच्या दिशेने सावकाश सरकत असते व तिच्याबरोबर मळ आणि मृत पेशी आपोआप बाहेर पडतात. निरोगी कान अशा रीतीने स्वतःच स्वच्छ राहतो. जलक्रीडकांच्या बहुतेक कर्णविकारांत या नैसर्गिक व्यवस्थेत बिघाड झालेला आढळतो.

कर्णनलिकेतील अस्थिवृद्धी : थंड पाणी व वारा यांचा वारंवार संपर्क झाल्याने नलिकेच्या अस्थिमय भागात नव्या हाडाचे थर साचतात व तेथे रुंद बुडाचे, गुळगुळीत, कठीण उंचवटे तयार होतात. ते सामान्यतः दोन्ही कानांत, एकाहून अधिक संख्येने आणि नलिकेच्या पुढील व मागील भिंतींवर कर्णपटलाजवळ आढळतात. समोरासमोरील उंचवटे वाढत गेले म्हणजे नलिकेची पोकळी एखाद्या फटीएवढीच उरते. नलिकेतील अस्थ्यर्बुद हा यापासून वेगळा विकार आहे. ते बहुधा एकाच कानात, एकच व देठ असलेले असते.

थंड पाणी नलिकेत गेल्यावर तेथील रक्तवाहिन्या प्रथम आकुंचन पावतात व नंतर दीर्घकाळ विस्फारलेल्या राहतात. या रक्ताधिक्यामुळे पर्यास्थिकलेतील अस्थिजनक पेशी उद्दीपित होऊन हाडाचा एकेक पातळ थर रचतात, असे मानले जाते. ओल्या नलिकेवरून वारा वाहिला म्हणजे बाष्पीभवनाने ती आणखी थंड होते. त्यामुळे वाऱ्याच्या दिवशी पाण्याच्या तापमानावरून वाटते त्यापेक्षा कान अधिक गारठतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या तुलनेने उबदार किनाऱ्यावरील सर्फरांतही हा विकार आढळला आहे, त्याची संगती यावरून काही अंशी लागते.

ऐतिहासिक आढावा : हा विकार खेळापेक्षा फार जुना आहे. एरिक ट्रिंकाउस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तपासता येण्याजोग्या २३ निअँडरथल मानवांच्या अवशेषांपैकी जवळजवळ निम्म्यांत अशी अस्थिवृद्धी आढळली. उत्तर चिलीतील प्राचीन मानवी कवट्यांची पाहणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत समुद्रकिनाऱ्यावरील लोकांपैकी सु. ३० टक्क्यांत अस्थिवृद्धी होती. खोऱ्यांतील लोकांत ती क्वचित आढळली आणि उंच डोंगराळ प्रदेशातील लोकांत मुळीच आढळली नाही. तेथील किनारी लोक थंड समुद्रात बुडी मारून शिंपले व इतर अन्न गोळा करीत असत. त्यामुळे पुरातत्त्वज्ञांच्या दृष्टीने कर्णनलिकेतील हाडाचा उंचवटा हा त्या मनुष्याच्या व्यवसायाचाही एक पुरावा ठरला आहे.

थंड पाणी व अस्थिवृद्धी यांचा संबंध डच वैद्य व्हान हिल्से यांनी १९३८ मध्ये मांडला. फाउलर व ऑझमन यांनी १९४२ मध्ये गिनीपिगांच्या कानांत थंड पाणी सोडून केलेल्या प्रयोगांनी त्याला पुष्टी मिळाली. जगाच्या निरनिराळ्या भागांतील कवट्यांचा तौलनिक अभ्यास केनेडी यांनी १९८६ मध्ये केला. त्यात हा विकार मुख्यत्वे ३०° ते ४५° अक्षांशांच्या पट्ट्यात अधिक असल्याचे दिसून आले. त्याहून उष्ण प्रदेशांत पाणी पुरेसे थंड नसते आणि अतिथंड प्रदेशांत माणसे सहसा पाण्यात उतरत नाहीत, असे याचे स्पष्टीकरण देता येते. पाण्याचे तापमान सु. १९° से. पेक्षा कमी असल्यास धोका वाढतो, असे सामान्यतः मानले जाते.

सर्फिंगचा उगम पॉलिनीशियातील असून हवाई बेटांत तो प्राचीन काळापासून रूढ होता. कॅप्टन जेम्स कुक यांच्या मोहिमेतील जेम्स किंग यांनी १७७९ मध्ये हवाईतील या खेळाचे वर्णन लिहून ठेवले आहे. तेथील समुद्र उबदार आहे. विसाव्या शतकात हा खेळ कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया व यूरोप येथील अधिक थंड पाण्यात पसरला. प्रारंभी थंडीमुळे खेळाडूंना पाण्यात फार वेळ राहता येत नसे. कॅलिफोर्नियातील भौतिकीविज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत निओप्रीन या फेसाळ रबराचा पोशाख तयार केला आणि जॅक ओनील यांच्यासारख्या व्यावसायिकांनी तो सर्फरांत लोकप्रिय केला. या पोशाखाने शरीर उबदार राहू लागले व भर हिवाळ्यातही तासन् तास पाण्यात राहणे शक्य झाले. मात्र डोके व कान उघडेच राहिले. थंडीची जाणीव करून देणारे शरीर सुरक्षित झाल्याने कानावरील थंडीचा मारा उलट वाढला. वैद्यकीय लिखाणात ‘सर्फरचा कान’ ही संज्ञा १९७० नंतरच्या दशकात रूढ झाली.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील ३०७ सर्फरांच्या, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सु. ७३ टक्क्यांच्या कानांत अस्थिवृद्धी आढळली. पूर्व किनाऱ्यावरील २०२ सर्फरांच्या २००२ मधील पाहणीत हे प्रमाण ३८ टक्के होते आणि प्रामुख्याने थंड पाण्यात खेळणाऱ्यांना असलेला धोका पुष्कळच अधिक असल्याचे दिसले. खेळण्याची वर्षे जितकी अधिक, तितकी वाढ मोठी, ही गोष्ट अशा पाहण्यांतून वारंवार स्पष्ट झाली आहे.

लक्षणे व निदान : नलिकेची एकतृतीयांशापर्यंत पोकळी व्यापणारी वाढ सौम्य, दोनतृतीयांशापर्यंतची मध्यम व त्यापुढील तीव्र समजतात. सौम्य अवस्थेत बहुधा कोणताच त्रास होत नाही व कानाची तपासणी अन्य कारणाने झाली तरच विकार लक्षात येतो. पुढे कानात शिरलेले पाणी तासन् तास बाहेर न पडणे, कान भरल्यासारखा वाटणे, कर्णमळ व मृत त्वचा साचणे आणि वारंवार जंतुसंसर्ग होणे ही लक्षणे दिसू लागतात. नलिका जवळजवळ बंद झाली म्हणजे ध्वनिलहरी कर्णपटलापर्यंत पोहोचू न शकल्याने बहिरेपणा येतो. अंघोळीनंतर अचानक ऐकू येईनासे होणे व एकदोन दिवसांनी पुन्हा ऐकू येणे, ही तक्रार पुष्कळ वेळा रुग्णाला प्रथम वैद्याकडे नेते. कर्णदर्शकाने निदान सहज होते. शस्त्रक्रियेपूर्वी आवश्यक वाटल्यास संगणकीय छेदचित्रण करतात व श्रवणमापन करून बहिरेपणाचा प्रकार ठरवितात.

उपचार : लक्षणे नसल्यास कानाची वेळोवेळी स्वच्छता व संरक्षण एवढे पुरेसे असते. वारंवार संसर्ग किंवा बहिरेपणा असल्यास शस्त्रक्रियेने हाडाची वाढ काढून नलिका रुंद करतात. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली कानामागून छेद घेऊन किंवा नलिकेतूनच लहान घासणयंत्राचा अथवा बारीक पटाशीचा उपयोग केला जातो. नलिकेची पातळ त्वचा वाचविणे हे या शस्त्रक्रियेतील कौशल्याचे काम असते, कारण उघड्या हाडावर त्वचा येण्यास पुष्कळ काळ लागतो. कर्णपटल फाटणे, घासणयंत्राच्या आवाजामुळे व कंपनामुळे अंतःकर्णास इजा होणे, जबड्याचा सांधा उघडा पडणे, नलिका पुन्हा आकुंचणे आणि क्वचित आनन तंत्रिकेस इजा होणे हे संभाव्य धोके आहेत. जखम भरून येईपर्यंत, म्हणजे कित्येक आठवडे, पाण्यात उतरता येत नाही. त्यानंतरही संरक्षण न वापरता थंड पाण्यात खेळणे चालू ठेवल्यास हाड पुन्हा वाढू शकते.

कर्णनलिका शोथ : हा विकार ‘पोहणाऱ्यांचा कान’ या नावाने परिचित आहे. उबदार व दमट हवामानात तो अस्थिवृद्धीपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात आढळतो. नलिका दीर्घकाळ ओली राहिली म्हणजे त्वचा फुगून मऊ पडते, कर्णमळ धुऊन जाते व अम्लता घटते. अशा त्वचेत स्यूडोमोनास एरुजिनोजा व स्टॅफिलोकोकस ऑरियस यांसारखे जंतू शिरकाव करतात. प्रथम खाज सुटते व नंतर तीव्र वेदना होतात. कर्णपाली ओढल्यास किंवा कानासमोरील लहान उंचवटा दाबल्यास वेदना वाढणे हे या विकाराचे महत्त्वाचे लक्षण होय. मध्यकर्णाच्या शोथात ते सहसा नसते. कान साफ करून प्रतिजैव औषधाचे थेंब घातल्यास बहुतेक रुग्ण थोड्याच दिवसांत बरे होतात. या काळात कान पूर्ण कोरडा ठेवावा लागतो.

ॲस्परजिलस नायजर व कँडिडा यांसारख्या कवकांचा संसर्गही दमट हवेत नेहमी आढळतो. त्यात खाज प्रमुख असते व नलिकेत काळसर किंवा पांढरट बुरशी दिसते. केवळ जंतुनाशक थेंबांनी तो बरा होत नाही, किंबहुना वाढतो. मधुमेही व वृद्ध व्यक्तींत नलिकेचा शोथ कवटीच्या तळाच्या हाडापर्यंत पसरून जिवावर बेतू शकतो. अशा व्यक्तींनी दुखऱ्या कानाकडे मुळीच दुर्लक्ष करू नये.

कर्णपटलाच्या इजा : कर्णपटल सु. ०·१ मिमी. जाडीचे असते. फळीवरून तोल जाऊन कानाची बाजू पाण्यावर सपाट आपटली किंवा लाटेचा फटका थेट कानावर बसला, तर नलिकेतील हवेचा स्तंभ एकाएकी दाबला जाऊन कर्णपटल फाटते. क्षणिक तीव्र वेदना, बहिरेपणा, कर्णनाद व किंचित रक्तस्राव ही लक्षणे होतात. फाटलेल्या पटलातून थंड पाणी मध्यकर्णात गेल्यास याहून गंभीर संकट ओढवते. कानात थंड पाणी गेल्याने अंतःकर्णाच्या अर्धवर्तुळाकार नलिकांतील द्रवात प्रवाह सुरू होऊन चक्कर येते. याच परिणामाच्या अभ्यासासह तोलसंस्थेवरील संशोधनाबद्दल रॉबर्ट बारानी यांना १९१४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. लाटेखाली सापडलेल्या माणसाला अशी चक्कर आल्यास वर कोठे व खाली कोठे याचे भान राहत नाही व तो पृष्ठभागाऐवजी तळाकडे पोहू लागण्याचा संभव असतो. अशा वेळी फळीला पायाशी बांधलेली दोरी हाताने चाचपून तिच्या आधाराने वर येणे हितावह ठरते, कारण फळी पाण्यावर तरंगत असते.

बहुतेक छिद्रे काही आठवड्यांत आपोआप भरून येतात. तोपर्यंत कानात पाणी किंवा वैद्याच्या सल्ल्याशिवाय कोणतेही थेंब जाऊ देऊ नयेत आणि नाक जोराने शिंकरू नये. सु. तीन महिन्यांत छिद्र न भरल्यास शस्त्रक्रियेने पटलास ठिगळ लावण्याचा विचार करतात. इजेनंतर चक्कर टिकून राहिली, बहिरेपणा तीव्र असला किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, तर अंतःकर्णास किंवा तंत्रिकेस इजा झाल्याची शक्यता असते व तातडीने तज्ञाची मदत घ्यावी लागते.

दाबजन्य इजा : समुद्रात दर १० मी. खोलीला सु. एका वातावरणाइतका दाब वाढतो. मध्यकर्णातील हवेचा दाब यूस्टेशियन नलिकेवाटे घशाकडून समतोल होतो. मोठ्या लाटेने सर्फरास एकाएकी काही मीटर खोल दाबल्यास किंवा सर्दीमुळे ही नलिका बंद असल्यास समतोल साधत नाही. पटल आत ओढले जाऊन वेदना होतात, मध्यकर्णात द्रव किंवा रक्त साचते व प्रसंगी पटल फाटते. नाक चिमटीत धरून व तोंड मिटून हलकेच श्वास बाहेर लोटण्याची व्हाल्साल्व्हा यांच्या नावाने ओळखली जाणारी क्रिया उपयोगी पडते. ती जोराने केल्यास मात्र अंतःकर्णास अपाय होऊ शकतो. सर्दी असताना पाण्यात न उतरणे हाच सुरक्षित मार्ग होय.

कर्णपालीच्या जखमा : फळीचे टोक, तिच्या तळाचे पर व प्रवाळखडक यांमुळे कर्णपालीस कापल्याच्या किंवा ठेचल्याच्या जखमा होतात. ठेचल्यामुळे कूर्चेवर रक्त साचल्यास कूर्चेचे पोषण तुटते. ते रक्त वेळीच काढले नाही, तर कर्णपाली कायमची सुरकुतलेली व विद्रूप होते. प्रवाळाने झालेली जखम स्वच्छ पाण्याने नीट धुऊन तीतील कण काढून टाकावे लागतात.

प्रतिबंध : कानात थंड पाणी व वारा जाऊ न देणे हे प्रतिबंधाचे मूलतत्त्व आहे. त्यासाठी मऊ सिलिकोनची कर्णबुचे, कानाचा साचा घेऊन तयार केलेली बुचे, कानावरून जाणारी निओप्रीनची पट्टी व निओप्रीनची टोपी ही साधने वापरतात. बूच व टोपी यांचा एकत्रित वापर अधिक परिणामकारक असतो, कारण टोपीमुळे वारा अडतो व लाटेच्या माऱ्याने बूच निघून जात नाही. कापसाचा नुसता बोळा पाणी शोषून कान ओला ठेवतो, म्हणून तो निरुपयोगी आहे.

बुचे असूनही पुष्कळ खेळाडू ती वापरण्यास नाखूष असतात. पूर्ण बंद बुचामुळे लाटेचा आवाज, सोबत्याची हाक व जीवरक्षकाची शिटी नीट ऐकू येत नाही आणि ही अडचण खरी आहे. गर्दीच्या ठिकाणी ऐकू न आल्याने फळ्यांची टक्कर होऊ शकते. त्यावर उपाय म्हणून मध्यभागी बारीक छिद्र व त्यावर पाणी अडविणारा सूक्ष्म पडदा असलेली बुचे निघाली असून त्यांतून ध्वनी बऱ्याच अंशी आत जातो. बुडी मारताना मात्र पक्की बंद बुचे कधीही वापरू नयेत. बूच व पटल यांमध्ये अडकलेल्या हवेचा दाब समतोल करण्यास कोणताच मार्ग नसल्याने पटलास इजा होते.

पाण्यातून बाहेर आल्यावर डोके एका बाजूला कलते करून कर्णपाली वर व मागे ओढली असता नलिका सरळ होऊन पाणी निघून जाते. त्यानंतर कानाचा बाहेरील भाग टॉवेलने टिपावा. केस वाळविण्याच्या यंत्राची सौम्य ऊब हातभर अंतरावरून दिल्यास कान लवकर कोरडा होतो. व्हिनेगर व अल्कोहॉल यांच्या सम मिश्रणाचे काही थेंब पाणी उडून जाण्यास व अम्लता टिकविण्यास मदत करतात. परंतु पटलास छिद्र असल्यास, कान दुखत असल्यास किंवा पूर्वी कानाची शस्त्रक्रिया झालेली असल्यास ते मुळीच घालू नयेत. कापूस गुंडाळलेली काडी, आगकाडी किंवा केसांची पिन कानात घालणे, रस्त्यावरील कान साफ करणाऱ्यांकडून मळ काढून घेणे व दुखऱ्या कानात गरम तेल सोडणे या सवयी अपायकारक आहेत. त्यांनी पातळ त्वचेला ओरखडे पडून संसर्गाला वाट मिळते.

पॅडलबोर्डिंगमध्ये खेळाडू बहुतेक वेळ पाण्याबाहेर असल्याने शांत पाण्यात धोका तुलनेने कमी असतो. नवशिके वारंवार पडतात व लाटांवर किंवा थंड सरोवरांत खेळणाऱ्यांचे कान भिजून वाऱ्यात गारठतात. त्यांनाही वरील खबरदारी लागू पडते.

भारतीय किनाऱ्यावरील परिस्थिती : सर्फिंगचा ऑलिंपिक क्रीडासामन्यांत प्रथम समावेश टोकिओ येथे, २०२१ मध्ये झालेल्या सामन्यांत झाला. भारतात कर्नाटकातील मुळकी, तमिळनाडूतील कोवळम आणि गोव्यातील हरमल व आश्वे येथे हा खेळ शिकविला जातो. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यालगतचे पाणी बहुतेक काळ २४° से. पेक्षा अधिक उबदार असल्याने येथे थंडीजन्य अस्थिवृद्धीपेक्षा जंतूंच्या व कवकांच्या संसर्गाचा धोका अधिक असतो. पावसाळ्यात नद्या, नाले व गटारे यांचे पाणी समुद्रात मिसळते. त्यामुळे जोराच्या पावसानंतर काही दिवस खाड्यांच्या मुखांजवळ खेळणे टाळणे इष्ट ठरते. थंड देशांत स्थायिक होऊन तेथे हे खेळ सुरू करणाऱ्यांनी मात्र पहिल्या दिवसापासूनच कर्णबूच वापरावे. कारण हाडाची वाढ जाणवू लागते तेव्हा तिला पुष्कळ वर्षे होऊन गेलेली असतात. नियमित खेळणाऱ्याने वर्षातून एकदा कान तपासून घेतल्यास विकार सौम्य अवस्थेतच कळतो व खेळ न सोडता श्रवणशक्ती टिकविता येते.